फायबरची होडी दुरुस्त करताय? रेझिन घेताना या चुका टाळा

उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे फक्त मृतसाठा उरला, की करमाळा-माढ्याच्या काठावर होड्या पालथ्या घातलेल्या दिसतात. दगडांवर घासून पेंद्याला चिरा गेलेल्या असतात आणि पावसाआधी काम उरकायची घाई असते. मग दुकानात "फायबरचं रेझिन (फायबरचे थर धरून कडक होणारा द्रव) द्या" एवढंच सांगितलं जातं आणि टाकी-कूलरला वापरतात ते साधं पॉलिस्टर रेझिन हातात पडतं.

नवी होडी साच्यात घालताना पॉलिस्टर उत्तम चालतं, कारण एक थर पुरता वाळायच्या आत दुसरा बसतो आणि दोन्ही एकजीव होतात. जुनं फायबर मात्र कधीच कडक झालेलं असतं. त्याला नवा थर नुसता चिकटून राहतो आणि चिकटण्यात इपॉक्सी हे दुसऱ्या प्रकारचं रेझिन पॉलिस्टरच्या कितीतरी पुढे आहे. म्हणून पेंद्याला आरपार भोक असेल तर महाग पडलं तरी इपॉक्सीच घ्या. तिथे माणसांचा जीव असतो. पाण्याच्या वरच्या बाजूला ओरखडा असेल तर पॉलिस्टर पुरे.

इपॉक्सी घेतलं आणि घरात पडलेली जुनी मॅट (काचेच्या सुट्या धाग्यांची चादर) वापरली, ही पुढची चूक. साध्या मॅटचे धागे ज्या बाइंडरने (धागे धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाने) धरलेले असतात तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं. मॅट ताठ राहते, कोपऱ्यात बसत नाही, आत हवा अडकते. विणलेलं ग्लास कापड घ्या.

जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी चालतं, पण वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिस्टरचा भरवसा नाही. नेहमीचा जेलकोट, म्हणजे होडीचा वरचा गुळगुळीत थर, हाही पॉलिस्टरचाच असतो, त्यामुळे वरून रंग द्या. तो द्यावाच लागतो, कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही.

आता आपल्याकडचा खरा शत्रू, सोलापूरचं ऊन. पारा बेचाळीसवर असताना मगभर पॉलिस्टर रेझिनमध्ये कॅटॅलिस्ट (ते कडक करणारं रसायन) घातला, की ब्रश फिरवेपर्यंत रेझिन तापतं, धूर येतो, माल वाया जातो. सकाळी लवकर, सावलीत काम करा. थोडं थोडं कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. पॉलिस्टरला कॅटॅलिस्ट साधारण १ ते २ टक्के लागतो. उन्हाळ्यात १ च्या जवळ राहा, पण डब्यावरच्या किमान प्रमाणाखाली जाऊ नका. इपॉक्सी कडक करणारा दुसरा भाग म्हणजे हार्डनर, ते मात्र कधीच कमी-जास्त करायचं नाही. उन्हाळ्यासाठी सावकाश वाळणारं हार्डनर मागून घ्या आणि वजनकाट्यावर मोजा.

पॉलिस्टर लवकर वाळावं म्हणून घालतात तो कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच कॅटॅलिस्ट. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवाच. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

थर चिकट राहिला तर? पॉलिस्टरचा फक्त वरचा पापुद्रा चिकट असेल तर घाबरू नका, हवेमुळे तसं होतं. शेवटचा हात मेण घातलेल्या रेझिनचा द्या. इपॉक्सी आतपर्यंत मऊ असेल तर प्रमाण चुकलंय. वरून हार्डनर फासून ते सुधारत नाही, सगळं खरवडून काढा. वाळलेल्या इपॉक्सीवर नुसता तेलकट थर असेल तर तो पाण्याने घासून धुवा, मग पॉलिश पेपर मारा.

भोकाच्या कडा घासताना जाडीच्या बारा पट उतार द्या, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीला चहूबाजूंनी ६० मिलिमीटर. घासण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्या, नाहीतर जुनं मेण आणि तेल आणखी आत जातं. ओल असेल तर पूर्ण सुकू द्या.