मधपेटीत माइट: घरगुती औषध की मान्यताप्राप्त?

पेटी सातेरीची (देशी मधमाशीची) असेल, तर औषध घेऊन धावू नका. व्हरोआ हा माइट, म्हणजे माश्यांवर जगणारा बारीक परजीवी, तिच्या जोडीनंच वाढलेला जीव. कामकरी माश्या तो अंगावरून ओढून काढतात आणि त्याची वीण बहुतेक नरांच्या कोषातच होते. नरांचे कोष कापून टाका, तळपाट खरवडा, एवढं पुरतं. उग्र वासाचं काही ठेवलंत, तर वसाहतच पेटी सोडून जाईल.

मेलिफेराचं (युरोपीय मधमाशीचं) तसं नाही. तिथे आधी मोजा. बरणीत अर्धा कप माश्या घ्या (साधारण ३००, राणी त्यात नाही हे पाहून), दोन मोठे चमचे पिठीसाखर घाला, तोंडाला ३ मिलिमीटरची जाळी बांधा. बरणी फिरवा, दोन मिनिटं थांबा आणि पाणी घातलेल्या पांढऱ्या ताटात साखर झटका. ९ किंवा जास्त माइट दिसले, तर उपचार हवा. पावसाळ्यात साखर ओलावते, माइट तिच्यातच चिकटतात आणि आकडा कमी येतो. तेव्हा माश्या साबणाच्या पाण्यात धुवा. त्या मरतात, पण आकडा खरा मिळतो.

सगळ्यात घातक घरगुती उपाय म्हणजे गुरांच्या गोचिडाच्या अमिट्राझमध्ये बुडवलेला पुठ्ठा. औषध पेटीत टांगायच्या मान्यताप्राप्त पट्टीतही तेच, पण तिथे एका पट्टीत मोजून ५०० मिलीग्रॅम असतं आणि ते सावकाश सुटतं. पुठ्ठ्यावर आज जास्त, उद्या कमी. जगलेले माइट औषधाला दाद देईनासे होतात. मान्यताप्राप्त पट्टीसुद्धा लेबलावरची मुदत संपली की काढाच. डांबरगोळ्यांचं तर नाव नको, त्यांचा वास मधात उतरतो.

दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबराचा चीक गोठवायला फॉर्मिक ॲसिड वापरतात, म्हणून ते पेटीत ठेवायचा मोह होतो. बंद कोषातल्या माइटपर्यंत ते पोचतं, हे खरं. मात्र ८५ टक्क्यांचं ॲसिड उघड्या वाटीत ओतलं की भराभर उडतं, अळ्या मरतात, राणीही जाते. छोट्या बाटलीत ५ मिली घ्या, कापसाची वात लावा आणि संध्याकाळी तळपाटावर ठेवा. रोज भरायचं, १५ दिवस. पारा ३० अंशांच्या वर असेल तर नाही. म्हणजे वैशाखात आणि ऑक्टोबरच्या उन्हात विषय बंद, श्रावणातली उघडीप बरी. रबरी हातमोजे, गॉगल आणि शेजारी पाण्याची बादली हवीच.

ऑक्झॅलिक ॲसिड बंद कोषात शिरत नाही. म्हणून राणीला २१ ते २४ दिवस पिंजऱ्यात ठेवा, कोष रिकामे होऊ द्या. मग समान साखर-पाण्याच्या १ लिटर पाकात ३५ ग्रॅम ॲसिड विरघळवा आणि माश्या असलेल्या प्रत्येक दोन चौकटींमधल्या फटीत ५ मिली सोडा. एका पेटीला ५० मिलीपेक्षा जास्त नको. पाक ताजाच करा, तापवलेला किंवा साठवलेला माश्यांना विषारी ठरतो.

कुठलाही उपचार मधकोठी (मधाचा वरचा कप्पा) उतरवल्यावरच करायचा. संपल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा.