घरासाठी एलईडी बल्ब निवडताना

दुकानात ‘नऊ वॉटचा द्या’ म्हणण्याआधी खोक्यावरचे ल्युमेन वाचा. वॉटवरून वीज किती जाणार ते कळतं, उजेड किती पडणार ते ल्युमेनवरून. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ते ८०० ल्युमेन द्यायचा. चांगला ९ वॉटचा एलईडी ९०० च्या आसपास देतो. ल्युमेनला वॉटने भागा. उत्तर १०० किंवा जास्त आलं तर खुशाल घ्या, ८० च्या खाली आलं तर परत ठेवा. रोज ५ तास लागणाऱ्या ६० वॉटच्या जागी ९ वॉट लावला तर वर्षाला ९३ युनिट वाचतात.

मग प्रकाशाचा रंग. तो केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका उजेड पिवळसर, जास्त तितका पांढरा. झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विन, अभ्यासाच्या टेबलावर ४०००. सगळीकडे ६५०० चा पांढराफटक लावायची सवय सोडलेली बरी, रात्री तो डोळ्यांना टोचतो. ओट्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० चा मिळाला तर जरूर घ्या. हलक्या बल्बखाली वाटणाचं खोबरं तांबूस झालंय की करपायला लागलंय, ते नीट कळत नाही.

एलईडी लवकर जातो तो बहुधा उष्णतेने. आतली चिप टिकते; ड्रायव्हरमधला (चिपला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला) कपॅसिटर तापून सुकतो, बल्ब लुकलुकतो आणि बंद पडतो. म्हणून चहूबाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात १२-१५ वॉटचा कोंबू नका, ५ ते ७ वॉटचा लावा. व्होल्टेज क्षणभर एकदम उसळत असेल (सर्ज) तर ४ केव्ही (४००० व्होल्ट) सर्ज प्रोटेक्शन लिहिलेला घ्या. डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) असेल तिथे ‘डिमेबल’ लिहिलेलाच चालतो.

बटण बंद करूनही बल्ब मंद पेटत असेल तर कारण बहुतेक वेळा बटणातला इंडिकेटर (छोटा दिवा) असतो. कधी मात्र बटणावर फेजऐवजी न्यूट्रल जोडलेली असते. तेव्हा बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये वीज असते, बल्ब बदलताना शॉक बसू शकतो. मेन स्विच बंद करा आणि वायरमनकडून जोडणी बदलून घ्या.

होल्डर पिनचा (बी२२) की आट्यांचा (ई२७) ते घरीच बघून निघा. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर-’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवाच. पावती जपा आणि बल्बच्या प्लास्टिकवर मार्करने खरेदीची तारीख टाका, वॉरंटीत बदलून घेताना ती लागते.