आई-बाबा लंडनला येतायत? आधी बाकडी शोधा

गोव्याहून आई-बाबा येणार म्हटलं की आपली मुलं बघायच्या जागांची यादी करायला बसतात. टॉवर ब्रिज, राजवाडा, मेणाचे पुतळे आणि सुट्टी उरली तर पॅरिससुद्धा. ती यादी फाडा. सत्तरीच्या माणसाचा इथला दिवस तीन गोष्टींवर ठरतो: चालायचं किती, बसायचं कुठे आणि लघवीला जायचं कुठे. एका दिवशी एकच जागा. सकाळी साडेनऊनंतर निघा, दुपारी चारच्या आत परतीच्या गाडीत बसा. आठवड्याच्या दिवशी या वेळांच्या अलीकडे-पलीकडे ट्यूबचं, म्हणजे भुयारी रेल्वेचं, भाडं जास्त लागतं आणि गर्दी तर विचारूच नका.

पण सगळ्यात आधी विमा. व्हिसा मिळाला म्हणजे एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, मिळाली, असं आपल्या लोकांत सर्रास बोललं जातं. ते चूक आहे. इमर्जन्सी विभागात तपासतात तेवढं फुकट, मात्र ॲडमिट केलं की बिल सुरू, आणि पाहुण्यांना ते नेहमीच्या दराच्या दीडपट. आता घोटाळा कुठे होतो बघा. तिकीट काढताना शेवटच्या पानावर स्वस्तातली पॉलिसी येते. 'आधीचा काही आजार?' या प्रश्नाला मुलगा घाईत 'नाही' करतो. बाबा प्रेशर आणि डायबिटीसच्या गोळ्या गेली दहा वर्षं घेतायत, पण त्याला तो आजार वाटतच नाही. इथे छातीत दुखलं, हॉस्पिटलने जुना इतिहास लिहून घेतला, की कंपनी तोच कागद दाखवून क्लेम नाकारते. बिल घरच्यांच्या गळ्यात, आणि ५०० पौंड किंवा त्याहून जास्त थकले तर इथल्या गृहखात्याला कळतं. पुढचा व्हिसा अडू शकतो. म्हणून फॉर्म तुम्ही एकट्याने भरू नका. फोनवर आईला औषधांचा डबा समोर घेऊन बसवा, एकेक गोळीचं नाव लिहा, प्रत्येक आजार जाहीर करा. जुन्या आजारावर किती रकमेपर्यंत पैसे मिळतील, ते पॉलिसीत छापलेलं वाचा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. प्रीमियम वाढेल, वाढू दे.

गोळ्या मुक्कामाला पुरून वर पंधरा दिवसांच्या आणा आणि केबिन बॅगेत ठेवा. तिकडच्या डॉक्टरची चिठ्ठी इथल्या फार्मसीत चालत नाही, तरी औषधांच्या मूळ नावांसकट लिहिलेली ती सोबत असू द्या. पेढे आणि तूप बॅगेत नको. नारळ चालतो.

प्रवासासाठी दोघांना मशीनला टेकवून भाडं भरायची दोन वेगळी बँक कार्डं द्या. एका कार्डावर दोघं जात नाहीत. जाताना कार्ड लावलं आणि बाहेर पडताना त्याच खात्याचा फोन लावला, तर मशीनला ती दोन अर्धवट माणसं दिसतात आणि दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. साठीच्या वरच्यांचा फुकट पास फक्त लंडनच्या रहिवाशांना असतो, पाहुण्यांसाठी त्याच्या मागे लागू नका. बसमध्ये चढतानाच एकदा कार्ड लावायचं, उतरताना नाही. रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. तासाभरात दुसरी बस धरली तर तिचं भाडं पडत नाही.

शहर दाखवायचं ते बसमधूनच. १५ नंबर टॉवरपासून सेंट पॉलवरून ट्रफाल्गर चौकाकडे येते, २४ नंबर हॅम्पस्टेड हीथहून कॅमडेनमार्गे संसदेपर्यंत नेते. वरच्या मजल्यावरची पुढची सीट हवी तर बस जिथून सुटते तिथेच चढा. चालत्या बसच्या जिन्यावर म्हातारी माणसं पडतात, कारण ड्रायव्हर तुम्ही बसेपर्यंत थांबत नाही. उतरतानाही बस थांबल्यावरच जिना उतरा, ड्रायव्हर ओरडेल तर ओरडू दे.

ट्यूबच्या नकाशावर व्हीलचेअरची दोन चिन्हं असतात. निळ्या गोलात पांढरी म्हणजे रस्त्यापासून डब्यापर्यंत पायरी नाही. पांढऱ्या गोलात निळी म्हणजे फक्त प्लॅटफॉर्मपर्यंत, पुढे डब्यात पाय उचलून टाकावा लागतो. कोव्हेंट गार्डनला लिफ्टसमोर रांग दिसली म्हणून जिन्याने जाऊ नका, गोल गोल १९३ पायऱ्या आहेत. सरकत्या जिन्यावर आईच्या निऱ्या आणि पदर हातात धरायला सांगा, शक्यतो त्या दिवशी पंजाबी ड्रेसच बरा. चुकामूक झाली तर काय करायचं ते घरीच ठरवा: जो डब्यात राहिला त्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं, जो मागे राहिला त्याने जागचं हलायचं नाही, शोधायला फक्त मुलगा फिरणार. दोघांच्या खिशात पत्ता, पोस्टकोड आणि तुमचा नंबर कागदावर. फोन हरवतो, बॅटरी संपते.

इंग्रज माणूस आपणहून उठून जागा देईल याची वाट बघू नका. त्याचं डोकं मोबाइलमध्ये असतं. नम्रपणे मागितली तर मात्र शरमून लगेच उठतो. बहुतेक ट्यूब स्टेशनांवर संडास नाही. पॅडिंग्टन, व्हिक्टोरिया, वॉटर्लू, किंग्ज क्रॉस अशा मोठ्या रेल्वे स्टेशनांवर २०१९ पासून तो फुकट आहे. पाण्याची रिकामी बाटली पिशवीत ठेवा, इथे आत नळी नसते.

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, तिन्हीकडे फुकट प्रवेश, बाकडी आणि स्वच्छ संडास. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे, बाबा तिथे रमतील. सायन्स म्युझियममध्ये घरचा डबा खायला वेगळी जागा आहे. थंड सँडविच आपल्या लोकांच्या घशाखाली उतरत नाही, तेव्हा पोळी-भाजी न्याच. राजवाड्यावरचा पहारा बदलायचा सोहळा माझ्या मते टाळा: तासभर उभं राहायचं आणि दिसतात ती पुढच्यांची डोकी. उंचावरून शहर बघायला स्काय गार्डन फुकट आहे, फक्त आधी बुकिंग लागतं. मेणाच्या पुतळ्यांवर पैसे घालवायचे असतील तर तुमची मर्जी.

मेडा व्हेलला १०, हाउली प्लेस या घरावर लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिल्याची निळी पाटी आहे. बाहेरूनच बघायची, दहा मिनिटांचं काम, शेजारी कालवा आणि बसायला जागा. आणि मासे खाणाऱ्या बाबांना एका पहाटे बिलिंग्जगेटच्या मासळी बाजारात न्या. मंगळवार ते शनिवार असतो, उजाडताना जा, सकाळी लवकर आवरतात. फरशी ओली असते, चपला नकोत. राजवाडा विसरतील, पण विसवणाचा (सुरमईचा) भाव गावभर सांगतील. तो रुपयांत करून सांगायची घाई मात्र तुम्ही करू नका.

शनिवार-रविवारी आपल्यांच्या घरची जेवणं ठरवून तुम्हीच त्यांना दमवता. आईला तीस माणसांची खतखतं करायला लावणारे महाभागही आहेत. आठवड्याला एक घर, बस्स. तुम्ही कामावर असताना दोघं घरात कोंडून बसतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात घराजवळची एक बस पाठ करून द्या: कुठे चढायचं, लायब्ररीला किंवा पार्काला कुठे उतरायचं. दोनदा सोबत जा, तिसऱ्यांदा मागून लांबून.

बोलवायचं मे ते ऑगस्टमध्ये, डिसेंबरात चारलाच अंधार पडतो. गोव्यात जूनपासून पाऊस, म्हणजे बंद घर उघडून बघणारं कोणी हवं. परतीचं तिकीट गणपतीच्या चवथीच्या आधीचं काढा, नाहीतर आईचं अर्धं लक्ष माटोळीत, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीत. विमानतळावर व्हीलचेअर हवी असेल तर तिकिटासोबतच एअरलाइनला कळवा, निदान ४८ तास आधी. बाबा 'मला नको' म्हणतील, तरी मागा. हीथ्रोवर गेटपर्यंतचं चालणं लांब आहे.