मोटरहोममागे ओढायच्या कारसाठी जादा ब्रेक निवडताना

मोटरहोम म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी. तिच्यामागे कार जोडली की कारचंही सगळं वजन थांबवायचं काम मोटरहोमच्या ब्रेकवर येतं आणि उतारावर ते कमी पडू शकतात. म्हणून कारला स्वतःची ब्रेक यंत्रणा हवीच.

आधी ठरवा, कार किती मोटरहोममागे जोडणार? एकच कार, एकच मोटरहोम असेल तर कायमची बसवलेली यंत्रणा घ्या. रोज पेडलशी खटपट नको. गाड्या बदलत असतील तर कारचं ब्रेक पेडल दाबणारा सुटा बॉक्स सोयीचा. मोटरहोम जितक्या जोराने थांबेल तितकाच कारचा ब्रेक लागेल, असंच मॉडेल निवडा. ठरलेल्या एकाच जोराने दाबणारं स्वस्त पडतं, पण हळू थांबतानाही झटका देतं.

सुटा बॉक्स बसवताना:
१. कारचं इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईपर्यंत. बूस्टरमध्ये (पेडलचा जोर वाढवणारा भाग) व्हॅक्यूम उरला तर पहिल्याच दाबाला चाकं जाम होऊ शकतात.
२. सीट पुढे घेऊन बॉक्स पेडल आणि सीटच्या मध्ये घट्ट टेकवा.
३. ब्रेकअवे केबल (कार सुटली तर पिन ओढून तिचा ब्रेक लावणारी) टो बारला, म्हणजे कार ओढणाऱ्या दांड्याला नाही, मोटरहोमच्या चासीला अडकवा. पिन ओढून ब्रेक लागतो का बघा.

इंजिन बंद असतानाही बूस्टर चालू राहणाऱ्या हायब्रिडसाठी ही रीत चालत नाही. तिथे कमी जोराची सेटिंग असलेलंच मॉडेल लागतं.

सावधान: पेडल किंचित दाबलेलं राहिलं तर ब्रेक तापून जळतात, आणि पुढे बसून ते कळतही नाही. ड्रायव्हरसमोर इशारा दिवा नसलेली यंत्रणा घेऊ नका.