रॅम भरली म्हणून स्वॅप बंद करू नका: लिनक्सच्या मेमरीबाबत या चुका टाळा

दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की जळगाव-धरणगाव पट्ट्यातल्या जिनिंगमधून फोन सुरू होतात. "भाऊ, मशीन बसी गई." मशीन म्हणजे पावत्या काढणारा लिनक्सवरचा कॉम्प्युटर. काट्यावर ट्रॅक्टरची रांग, पावती निघत नाही, दिवाणजी हैराण. अशा घाईत केलेला उपाय मूळ दुखण्यापेक्षा जड जातो. त्यातला एक उपाय मी स्वतःच्या हाताने केलेला आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी मशीनवर लिनक्स रॅमची वाटणी ४ किलोबाइटच्या पानांत करतो. जागा कमी पडली की काही पानं सोडावी लागतात, आणि कुठलं पान सोडणं सोपं हे त्याच्या जातीवर ठरतं. फाइलमधून वाचलेलं पान म्हणजे सातबाऱ्याची झेरॉक्स. फेकली तरी मूळ नोंद जागेवर आहे, लागेल तेव्हा डिस्कवरून पुन्हा काढता येते. त्या पानात काही बदल केला असेल, तर तो आधी डिस्कवर उतरवावा लागतो, मग पान मोकळं होतं. तिसरी जात म्हणजे प्रोग्रॅमने चालताना स्वतःसाठी घेतलेली मेमरी. हा दिवाणजींच्या टेबलावरचा कच्चा हिशेब. त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. तो टेबलावरून उचलायचा तर ठेवायला कपाट लागतं. ते कपाट म्हणजे स्वॅप, म्हणजे रॅममधली पानं ठेवायला डिस्कवर राखलेली जागा.

'फ्री' आकडा बघून घाबरू नका

८ जीबीच्या मशीनवर 'फ्री' आदेश दिल्यावर 'फ्री' रकान्याखाली दोनशे-तीनशे एमबी दिसणं हे आजाराचं लक्षण नाही. रिकामी रॅम कुणाच्याच कामाची नसते, म्हणून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिच्यात वाचलेल्या फाइली धरून ठेवतो (हीच कॅशे). बघायचा तो 'अव्हेलेबल' आकडा. नव्या प्रोग्रॅमला स्वॅप न करता साधारण किती जागा देता येईल याचा तो अंदाज असतो. २०१४ च्या ३.१४ कर्नलपासून तो कर्नलच देतो.

हे न कळल्यामुळे घडलेला प्रकार सांगतो. एका जिनिंगच्या मशीनवर कुणीतरी दर तासाला कॅशे रिकामी करणारं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारा आदेश) लावून ठेवलं होतं. तास भरला की 'फ्री' आकडा भरघोस दिसायचा आणि नेमकी तेव्हाच पावती अडकायची. कारण डेटाबेसच्या ज्या फाइली रॅममध्ये तयार होत्या, त्या टाकून देऊन जुन्या हार्डडिस्कवरून पुन्हा वाचायला लावल्या जात होत्या. शिवाय या आदेशाने कच्च्या हिशेबाचं एक पानही सुटत नाही. म्हणजे मेमरी खाणारा प्रोग्रॅम जागेवरच राहतो. ते क्रॉन काढलं, तासाला बसणारा झटका गेला.

स्वॅप बंद केल्याने मशीन पळत नाही

ही माझी चूक. त्याच मशीनवर स्वॅपमध्ये दीड जीबी गेलेलं दिसलं, डिस्क संथ होती, म्हणून मी स्वॅपच बंद केला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी आवक जोरात असताना माउस हलेना, डिस्कचा दिवा विझेना.

झालं असं, की कच्च्या हिशेबाची पानं आता कुठेच जाऊ शकत नव्हती. सकाळपासून न वापरलेली पानंसुद्धा रॅम अडवून बसली. मग कर्नलकडे टाकून देण्याजोगं उरलं ते फक्त फाइलींचं. आणि चालू प्रोग्रॅमचा कोड हाही फाइलीतूनच येतो! पावतीच्या प्रोग्रॅमचा कोड टाकायचा, पुढच्या क्षणी तोच लागला म्हणून डिस्कवरून आणायचा, पुन्हा टाकायचा. थोडीथोडी पानं सुटत असल्यामुळे कर्नललाही वाटतं की काम चाललंय, म्हणून ओओएम किलर (मेमरी संपली की एखादा प्रोग्रॅम मारणारा कर्नलचा भाग) लगेच पुढे येत नाही. मशीन मरत नाही आणि चालतही नाही. बाहेर शेतकरी उन्हात उभे होते, ते अजून आठवतं.

संध्याकाळी ४ जीबी स्वॅप परत जोडला. डिस्क फारच संथ असेल तर झेडरॅम वापरून बघा. मोकळी रुई शेडभर पसरते आणि दाबली की तिची १७० किलोची गाठ होते, तसंच झेडरॅम पानं दाबून रॅममध्येच ठेवतो, डिस्कला हात लावत नाही.

स्वॅप किती भरला यापेक्षा ये-जा किती, ते बघा

एकदा बाहेर गेलेलं पान कुणी मागितलं नाही तर महिनाभर तिथेच पडून राहतं, त्याने काही बिघडत नाही. 'व्हीएमस्टॅट ५' हा आदेश चालवा, तो दर पाच सेकंदांनी एक ओळ दाखवतो, आणि 'एसआय' (स्वॅपमधून आत आलेलं), 'एसओ' (स्वॅपमध्ये बाहेर गेलेलं) हे दोन रकाने पाहा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत दोन्ही रकाने शून्याच्या आसपास असतील तर चिंता नको. दोन्ही सतत फुगलेले असतील तर रॅम खरोखर अपुरी आहे.

'स्वॅपिनेस' ही कर्नलची एक सेटिंग. 'स्वॅपिनेस ६०' म्हणजे रॅम ६० टक्के भरल्यावर स्वॅप सुरू, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. फाइलींची पानं सोडायची की कच्च्या हिशेबाची, यातला झुकाव तो आकडा ठरवतो. शून्य केला तरी स्वॅप बंद होत नाही, अगदी टोकाला कर्नल तो वापरतोच.

पानं सोडवणारा 'केस्वॅपडी' सीपीयू खातोय म्हणून त्याला मारायला जाऊ नका, तो कर्नलचाच धागा आहे, मरणार नाही. मोकळी जागा खालच्या खुणेच्या आत गेली की तो जागा होतो आणि वरची खूण गाठेपर्यंत पानं सोडवतो. त्यालाही पुरेना झालं की मेमरी मागणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबून पानं सोडवावी लागतात. पावती अडकते ती इथे.

ओओएम किलरने डेटाबेस मारला तर डेटाबेसवर लगेच खापर फोडू नका. तो बहुधा सगळ्यात जास्त मेमरी धरणाऱ्याला निवडतो, आणि वाढत चाललेला दुसराच असू शकतो. कर्नल लॉगमध्ये त्या क्षणी कोण किती मेमरी धरून होतं याची यादी असते, ती वाचा. आमच्या त्या जिनिंगमध्ये अख्ख्या हंगामाच्या पावत्या एकदम रॅममध्ये ओढणारा रिपोर्ट निघाला. तो दिवसादिवसाचा केल्यावर त्याच ८ जीबीत पुढचा हंगाम पार पडला.