बटण हाताला सापडलं पाहिजे, डोळ्याला नव्हे: गाडी, मोबाईल आणि घरातल्या या चुका टाळा

नवीन गाडी बघायला गेल्यावर माणसं मायलेज विचारतात, सनरूफ आहे का बघतात, स्क्रीन किती इंची ते तर पहिलं बघतात. पण समोरच्या काचेवरचं धुकं घालवायचं बटण कुठाय हे शोरूममध्ये कुणी विचारत नाही. ते विचारायची आठवण होते थेट जुलैमध्ये, वाईवरून पसरणी घाट चढताना, पाऊस कोसळतोय, आत पाच माणसं ओल्या कपड्यात बसलीत, काच आतून पांढरी झालीय आणि समोरून पाचगणीची एसटी खाली येतीय.

माझं काम इलेक्ट्रिक फिटिंगचं, सातारा आणि आसपासच्या गावांत, त्यामुळं स्विच कुठं बसवायचा हा प्रश्न रोजचाच. एवढ्या कामातून माझं एक मत पक्कं झालंय की बटण चांगलं की वाईट हे ते दिसतं कसं यावर ठरत नाही, न बघता हात तिथं जातो का यावर ठरतं. आणि बऱ्याच वेळा दोष कंपनीचा नसतोच, आपण घेताना बघत नाही आणि बसवताना विचार करत नाही.

सगळं स्क्रीनमध्ये असलेली गाडी न तपासता घेणं

काच आतून पांढरी का होते ते आधी बघा. श्वासातली आणि ओल्या कपड्यातली वाफ थंड काचेला लागून तिचं पाणी होतं, एवढंच. उपायही सोपा आहे, हवेचा झोत समोरच्या काचेवर सोडायचा, एसी चालू ठेवायचा कारण एसी हवा कोरडी करतो, आणि रिसर्क्युलेशन बंद करून बाहेरची हवा आत घ्यायची. खंबाटकीच्या बोगद्यात ट्रकचा धूर नको म्हणून आपण रिसर्क्युलेशन लावतो आणि ते तसंच राहून जातं, मग पुढं पाऊस लागला की आतली दमट हवा आतच फिरत राहते आणि काच काय साफ व्हायचं नाव घेत नाही. गाडीच्या चित्रात आतल्या आत वळलेला बाण म्हणजे रिसर्क्युलेशन, बाहेरून आत येणारा बाण म्हणजे बाहेरची हवा.

आता हीच तीन कामं बटणावर किंवा गोल नॉबवर असतील तर हात जातो, फिरवतो, झालं. स्क्रीनवर असतील तर आधी क्लायमेटचा मेनू उघडा, मग चित्र शोधा, मग बोट नेमकं तिथंच टेकवा, आणि घाटातल्या खड्ड्यात गाडी हलली की बोट भलतीकडंच. ताशी ४० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. दोन सेकंद स्क्रीनकडं बघितलं म्हणजे २२ मीटर न बघता गेलात, आणि पसरणी घाटात २२ मीटरमध्ये काय काय येऊ शकतं ते तिथून गाडी नेणाऱ्याला सांगायला नको.

याची मोजमापंही झालेली आहेत. स्वीडनमधल्या वी बिलागारे नावाच्या गाड्यांच्या मासिकानं २०२२ मध्ये टेस्ट घेतली होती, अकरा नवीन गाड्या आणि त्यांच्याबरोबर एक २००५ ची जुनी व्होल्वो व्ही७०. ताशी ११० च्या स्पीडला सीट आणि काच गरम करणं, रेडिओवर ठराविक स्टेशन लावणं, ट्रिप मीटर झिरो करणं असली चार कामं करायची होती, आणि ड्रायव्हरला आधी गाडी समजून घ्यायला वेळही दिला होता. बटणवाल्या जुन्या व्होल्वोत सगळं १० सेकंदांत उरकलं, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागं पडलेल्या नव्या स्क्रीनवाल्या गाडीत जवळपास ४५ सेकंद लागले, म्हणजे १३७२ मीटर! सव्वा किलोमीटरपेक्षा जास्त अंतर ड्रायव्हरचं लक्ष अर्धं रस्त्यावर आणि अर्धं स्क्रीनवर.

युरोपात गाड्यांना सेफ्टीचे स्टार देणारी युरो एनकॅप ही संस्थाही आता यात उतरलीय. २०२६ पासून त्यांच्याकडं पूर्ण मार्क पाहिजे असतील तर इंडिकेटर, हझार्ड लाईट, वायपर, हॉर्न आणि इमर्जन्सी कॉल यांना खरीखुरी बटणं किंवा दांड्या द्याव्या लागतात. फोक्सवॅगननं सुद्धा आवाज, दोन्ही बाजूचं तापमान, पंखा आणि हझार्ड यांची बटणं परत आणणार असं २०२५ मध्ये सांगून टाकलं. मला या बातमीचा मनापासून आनंद झाला, कारण स्क्रीन बसवणं कंपनीला स्वस्त पडतं म्हणून ती ड्रायव्हरला सोयीची आहे असं होत नाही.

म्हणून टेस्ट ड्राईव्हला गेलात की नुसता पिकअप बघून येऊ नका. गाडी उभी असताना डोळे मिटा आणि सेल्समनला म्हणा तू नावं घे. वायपर, डिपर, हॉर्न, काचेची हवा, पंखा कमी-जास्त, आवाज कमी. डोळे मिटून ज्या गोष्टीला हात लागला नाही ती गोष्ट पावसाळ्यात रात्री पण लागणार नाही. गाडी आधीच घेतली असेल आणि सगळं स्क्रीनमध्येच असेल तर निघायच्या आधी हवा लावून घ्या, स्टिअरिंगवरची बटणं पाठ करा, आणि घाटात स्क्रीनचं काम शेजारच्या माणसाकडं द्या.

दुसऱ्याची गाडी तशीच पळवणं

लग्नसराईत पाहुण्यांची गाडी चालवायला मिळते आणि पोवई नाक्यावर वळताना इंडिकेटरच्या जागी वायपर खरडायला लागतो. कारण असं की मारुतीसारख्या गाड्यांना इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, स्कोडा-फोक्सवॅगनला डाव्या हाताला. वर्षानुवर्षं मारुती चालवलेल्या हाताला सवय लागलेली असते, तो विचार करून हलत नाही. वायपर चालला त्याचं एवढं काही नाही, पण मागच्याला इंडिकेटर दिसलाच नाही हे वाईट. त्यामुळं दुसऱ्याची गाडी बाहेर काढताना गेटमध्येच दोन मिनिटं थांबून दोन्ही दांड्या हलवून बघा.

जाताजाता हझार्डचं पण सांगतो. लाल त्रिकोणाचं बटण मधोमध आणि हाताला लगेच लागणारं दिलेलं असतं ते गाडी बंद पडली, अडकली तर मागच्याला कळावं म्हणून. आपल्याकडं बोगद्यात, धुक्यात, जोरात पाऊस आला की चालू गाडीतच ते दाबायची पद्धत पडलीय. बहुतेक गाड्यांत हझार्ड चालू असताना इंडिकेटर दिला तरी मागच्याला कळत नाही, चारी दिवे एकदमच फडफडत असतात. हेडलाईट लो बीमवर लावा, फॉग लॅम्प असतील तर ते लावा, बास.

"गाडी स्टार्ट होईना" म्हणून लगेच गॅरेजला फोन

दुचाकी सुरू होत नसेल तर आधी उजव्या हँडलवरचा लाल किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, बघा. पार्किंगमध्ये लहान पोरं गाडीवर चढून बसतात आणि तेच लाल बटण त्यांना आवडतं. मग साईड स्टँड, नवीन बऱ्याच गाड्या स्टँड खाली असला की चालूच होत नाहीत. स्कूटर असेल तर ब्रेक दाबून धरल्याशिवाय बटण काम करत नाही. एवढं बघून झालं की मग मेकॅनिक.

आणखी एक, काही गाड्यांना डाव्या हँडलवर हॉर्न वर आणि इंडिकेटर खाली असतो, बाकीच्यांना उलटा. एका घरात असल्या दोन गाड्या असल्या की वळताना हॉर्न वाजतो आणि हॉर्नच्या वेळी अंगठा इंडिकेटरवर. त्याला इलाज सवय हाच, पण घरात दुसरी गाडी घेताना हे बघून घेतलं तर बरं पडतं, विशेषतः पोरगं किंवा पोरगी नुकतीच गाडी शिकली असेल तर.

मोबाईल होल्डरनं बटण दाबलं जाणं

फोन गाडीत लावला की आपोआप बंद होतो, आवाज एकदम शून्यावर जातो, मध्येच स्क्रीनशॉट निघतात. माणूस म्हणतो फोन बिघडला. बघायला गेलं तर होल्डरचा चिमटा बरोबर पॉवर किंवा आवाजाच्या बटणावर आलेला असतो. फोन चिमट्यात थोडा वर-खाली सरकवा, नाहीतर उलटा लावा, स्क्रीन फिरवून घेता येते. कव्हर पण बघा, जाड रबरी कव्हर जुनं झालं की बटणाच्या जागी फुगतं आणि बटण दाबलेलंच राहतं. कव्हर काढून फोन दिवसभर वापरून बघा, तेवढ्यानं ठीक चालला तर दुकानात जायचं कारणच नाही.

घरात आणि रानात

इथं माझं रोजचं काम आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

किचनमध्ये सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे मिक्सरचा बोर्ड शेगडीच्या मागच्या भिंतीवर. दिसायला नीटनेटका दिसतो, वायर लपते. पण मिक्सर बंद करायला हात पेटलेल्या गॅसवरून न्यावा लागतो, साडीचा पदर, ओढणी, गाऊनची बाही सगळं जाळावरून. बोर्ड शेगडीच्या बाजूला घ्या, ओट्याच्या ज्या टोकाला मिक्सर ठेवणार तिथं. टच बटणाची चिमणी किंवा इंडक्शन घेताना हात ओला करून चालवून बघा, कारण टच बटणावर पाणी सांडलं की ते गोंधळतं, आपोआप बंद होतं नाहीतर बीप बीप करत बसतं, आणि किचनमध्ये कोरडा हात असतोच कधी?

जिन्याला टू-वे स्विच न घेणं ही दुसरी. खाली लावलेला दिवा वर गेल्यावर वरूनच बंद करता आला पाहिजे. नाहीतर म्हातारी माणसं वीज वाया नको म्हणून अंधारातच चढतात. फिटिंग करतानाच वायर ओढली तर खर्च फार नाही, नंतर भिंत फोडायला लागते. दाराच्या मागं गेलेला बोर्ड तर प्रत्येक दुसऱ्या घरात असतो, दार कुठल्या बाजूला उघडणार हे सुताराला विचारल्याशिवाय बोर्डची पेटी भिंतीत गाडू नका.

आता मोटरचा स्टार्टर. शेतीची लाईट रात्रपाळीला आली की तात्या बॅटरी घेऊन विहिरीवर जातात, एका हातात बॅटरी, पायाखाली चिखल, आणि स्टार्टरची पेटी गुडघ्याएवढ्या उंचीवर पत्र्याच्या खोपटात पार आतल्या कोपऱ्यात. हिरवं बटण चालू, लाल बटण बंद, हे सगळ्यांना माहीत आहे, पण दिवे नसताना हिरवं-लाल दिसत नाही. आणि अडचण चालू करताना येत नाही, बंद करताना येते, पाईप निसटला, मोटर गुरगुरायला लागली की पळत येऊन लाल बटण दाबायचंय आणि ते शोधायला आत वाकायला लागतंय. पेटी छातीच्या उंचीवर, दारातून आत हात घातला की लागेल अशी बसवा. उभं राहायची जागा कोरडी पाहिजे, खाली फळी नाहीतर रबरी मॅट टाका. ऑटो स्विच लावला असेल तर लाईट आल्यावर मोटर आपोआप चालू होते, म्हणून पंपाला किंवा वायरला हात लावायच्या आधी मेन स्विच खाली पाडायचाच, लाल बटणावर भरवसा ठेवायचा नाही. मेन स्विच पण स्टार्टरशेजारी हाताला येईल असाच घ्या.

अंधारात बटण ओळखायला एक स्वस्तातला उपाय आहे आणि तो थेट विमानातनं आलाय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बर विमानांचे पायलट विमान उतरवल्यावर फ्लॅप, म्हणजे विमानाच्या पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या, मिटायच्या ऐवजी चाकंच मिटून घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. अल्फॉन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं बघितलं तर दोन्हीचे कंट्रोल शेजारी-शेजारी आणि अगदी एकसारखे. त्यानं चाकाच्या कंट्रोलला छोट्या चाकाचा आकार दिला आणि फ्लॅपच्या कंट्रोलला पाचरीसारखा, म्हणजे बोटाला न बघताच फरक कळावा. आजही विमानात चाकाचा लिव्हर चाकाच्याच आकाराचा असतो. की-बोर्डवर एफ आणि जे वर, जुन्या मोबाईलच्या पाचवर जो उंचवटा असतो तो याच जातीतला.

तेच घरी करा. ओळीनं आठ सारखे स्विच असलेल्या बोर्डावर गीझरच्या स्विचला एम-सीलचा बारका ठिपका लावा. स्टार्टरच्या झाकणावर लाल बटणाच्या कडेला एम-सीलची गोल कडी करा, बटणाची हालचाल मात्र अडली नाही पाहिजे, आणि हे करताना मेन बंद. आजीला दिसायला कमी आलंय अशा एका घरी आम्ही बेडरूमच्या दिव्याच्या स्विचला असा ठिपका लावला, त्या आता बोर्डावर बोटं फिरवतात आणि बरोबर तोच स्विच दाबतात, सुनेला हाक मारायला लागत नाही.

११२ चं बटण घरातल्यांना न शिकवणं

केंद्र सरकारनं २०१६ मध्ये नियम काढून मोबाईलला पॅनिक बटण सक्तीचं केलं, म्हणजे अडचणीत एका बटणानं ११२ या इमर्जन्सी नंबरला फोन लागावा. साध्या बटणवाल्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवर बटण पटापट दाबायचं, काही फोनात तीनदा, काहींत पाचदा, सेटिंगमध्ये इमर्जन्सी लिहिलेलं असतं तिथं बघा. गावाकडं एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांच्या फोनवर हे चालू आहे का ते आजच बघा आणि त्यांच्या बोटाला ते बटण दाखवून ठेवा. घरात लहान पोरं पॉवर बटणाशी खेळत असतील तर इमर्जन्सी सेटिंगमधलं काउंटडाऊन चालू ठेवा, म्हणजे फोन लागायच्या आधी रद्द करता येतो. तरीही चुकून ११२ ला लागलाच तर घाबरून कट करू नका, लाईनवर थांबा आणि चुकून लागलाय एवढं सांगा, नाहीतर पलीकडच्या माणसाला खरंच कुणी अडचणीत आहे का ते कळत नाही आणि तो परत फोन करत बसतो.