गटात काय शिकलास, ते असं लिही

"आम्ही संघभावना शिकलो" असलं लिहू नकोस भावा, सर तिथंच पान उलटतात. एकच प्रसंग धर. माझा हा: रंकाळा तलावाच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायला चौघं गेलो. विंकलर पद्धतीत बाटली भरली की काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड ही रसायनं घालावी लागतात. मला वाटलं ती आमच्यातल्या एकानं घेतलीत, त्याला वाटलं मी. सकाळ वाया, वर भांडण.

आधी घडलं ते लिही, मग काय वाटलं (राग आला तर राग), मग चूक नेमकी कुठं. माझी: ग्रुपवर नुसता अंगठा टाकला. म्हणजे 'आणतो' की 'वाचलं'? कुणी विचारलंच नाही. शेवटी काय बदललं ते. दुसऱ्या खेपेला प्रत्येक वस्तूपुढं नाव लिहिलं आणि गाडीला किक मारायच्या आधी यादी मोठ्यानं वाचली.